जिल्ह्यातल्या बांधकामाची कामगिरी मोजायची असेल, तर थांबलेले दिवस मोजा

प्रश्न असा आला आहे: "मी यवतमाळ जिल्ह्यातून एम.टेक. करते आहे. विकसनशील देशातल्या बांधकाम उद्योगाची कामगिरी कशी मोजावी, हा प्रबंधाचा विषय आहे आणि क्षेत्र म्हणून आमचा जिल्हा घेतला आहे. परदेशी निबंधांत दहा-बारा निर्देशक तयार मिळतात: खर्च, वेळ, दोष, सुरक्षा, उत्पादकता, ग्राहकाचे समाधान, नफा. शंभर अभियंत्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन एक निर्देशांक काढ, असे मार्गदर्शक म्हणतात. ग्रामीण भागात हे लागू पडेल का? नेमके काय मोजू?"

लागू पडेल, पण जसेच्या तसे लावले तर भलतेच उत्तर हाती येईल आणि ते आकडेमोडीत बरोबर असल्यामुळे कोणी हटकणारही नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात झाली, निवृत्तीनंतर रस्ते आणि इमारतींच्या गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आपल्याकडे बांधकाम किती झाले याचे आकडे पोत्याने आहेत. किती घरकुले पूर्ण, किती किलोमीटर रस्ता, किती निधी खर्ची, सगळे दर आठवड्याला वर जाते. काम कुठे, किती दिवस आणि कशापायी अडून पडले, याचा आकडा मात्र कोणाकडेच एका जागी नाही. तुमच्या प्रबंधाने तेवढा एक काढला तरी पुष्कळ झाले.

तुम्ही म्हणता ते निर्देशक कुठून आले ते आधी पाहा. ब्रिटनमध्ये १९९८ साली सर जॉन इगन यांच्या समितीने बांधकाम उद्योगापुढे वार्षिक उद्दिष्टे ठेवली: खर्च आणि वेळ दहा-दहा टक्क्यांनी कमी, दोष आणि अपघात वीस-वीस टक्क्यांनी कमी, उत्पादकता दहा टक्क्यांनी जास्त. त्यातून पुढे निर्देशकांचे संच तयार झाले आणि जगभर पसरले. तिथे पुन्हा पुन्हा बांधकाम करवून घेणारे मोठे मालक होते, कंपन्यांची दप्तरे होती, तुलना करायला शेकडो सारखे प्रकल्प होते. दारव्हा किंवा घाटंजी तालुक्यातल्या एका गावात वर्षभरात काय बांधले जाते? पंधरा-वीस घरकुले, अंगणवाडीची एक खोली, पाणंद रस्त्याचा एक तुकडा, एखादा बंधारा, आणि शेतकऱ्याने सोयाबीन-कापसाच्या पैशातून वाढवलेल्या दोन-चार खोल्या. यातल्या शेवटच्या प्रकाराचा कागदच नसतो. गावचा मिस्त्री, त्याचे दोन साथीदार, दोन रेजा (बाया मजूर) आणि तोंडी ठरलेला चौरस फुटाचा दर. ग्रामीण बांधकामाचा मोठा वाटा हा आहे, आणि परदेशी निर्देशकांना तो दिसतच नाही.

वरच्या पातळीवरचे आकडे वापरण्याचा मोह होईल, म्हणून त्यांची जातकुळी सांगून ठेवतो. देशाच्या सकल मूल्यवर्धनात बांधकामाचा वाटा साधारण आठ-नऊ टक्के धरला जातो. हा आकडा जागेवर जाऊन मोजलेला नसतो. सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड, फिटिंग असा माल किती तयार झाला आणि बाजारात किती आला, त्यावरून पक्क्या बांधकामाचे मूल्य काढतात. कच्च्या बांधकामासाठी खर्चाच्या अंदाजावर भिस्त असते. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना राज्याचा आकडा काही निकषांवर जिल्ह्यांत वाटला जातो. मग तो आकडा घेऊन यवतमाळचे बांधकाम वाशिमपेक्षा सरस की कमी, हे कसे सांगणार? वाटणीचा निकषच तुम्हाला उत्तर म्हणून परत मिळेल.

सिमेंटच्या खपावरून जिल्ह्याची प्रगती काढायला गेलात तर आणखी फसाल. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुरा भागात सिमेंटचे मोठमोठे कारखाने आहेत, पण तिथून निघालेली पोती परप्रांतात जातात. शेजारच्या गावातला माणूस सिमेंट किरकोळ दुकानातूनच घेतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा या आपल्या विदर्भातल्या जिल्ह्यांतून गेला, नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्या काळात या जिल्ह्यांत ओतलेल्या सिमेंट-लोहाचा आकडा डोळे दिपवणारा असणार. त्यावरून वाशिममधल्या मालेगाव किंवा बुलडाण्यातल्या मेहकर तालुक्यातल्या ठेकेदाराची ताकद वाढली की नाही, हे कळत नाही. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय प्रकल्पांच्या खर्चवाढीचे आणि विलंबाचे अहवाल काढते, ते चांगले असतात, पण त्यात १५० कोटी आणि त्यावरचे केंद्रीय प्रकल्प येतात. तुमच्या जिल्ह्यातली नव्व्याण्णव टक्के कामे त्या चाळणीतून खाली पडतात.

औपचारिक बांधकामाचा ढोबळ अंदाज हवाच असेल तर एक सोपी वाट आहे. १९९६ च्या उपकर कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का इतका उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जातो, सरकारी कामात तो बिलातूनच कापतात. जिल्ह्यात वर्षभरात जमा झालेला उपकर शंभराने गुणा, की उपकर भरलेल्या कामांचे मूल्य आले. त्या कायद्यात दहा लाखांच्या आतले स्वतःचे राहते घर यातून वगळलेले होते आणि मोठ्या प्रकल्पांचा भरणा भलत्याच ठिकाणी झालेला असू शकतो, हे दोन्ही तळटीपेत लिहा. पण त्याच मंडळाच्या नोंदीत कामगार किती आहेत, यावरून रोजगार मोजू नका. गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि भांड्यांचा संच किंवा सुरक्षा पेटी वाटपाची बातमी आली की दाखल्यांना पूर येतो. नोंदणीचा आलेख चढतो तो योजनेमुळे. कामे वाढली की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आता खर्चाचा निर्देशक. पुस्तकात सूत्र सोपे आहे: प्रत्यक्ष खर्च वजा अंदाजित खर्च, भागिले अंदाजित खर्च. हे तुम्ही जिल्हा परिषदेच्या पन्नास कामांना लावा, उत्तर शून्याच्या आसपास किंवा उणे येईल. आमच्याकडची शिस्त ब्रिटनपेक्षा कडक आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढाल तर तो हास्यास्पद ठरेल. छोट्या कामाला प्रशासकीय मान्यता वीस लाखांची असेल तर बिल वीस लाखांच्या वर जाऊच शकत नाही. गिट्टी महागली, लांबून आणावी लागली, तर वाढलेला खर्च कागदावर येत नाही. लांबी कमी होते, गटार वगळले जाते, मुरमाचा थर पातळ होतो. टेंडर वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने गेले तर तो फरक 'बचत' म्हणून दिसतो आणि दोन वर्षांनी खड्ड्यांच्या रूपाने परत येतो. म्हणून छोट्या सरकारी कामात रुपयांचा फरक काढून काही साधत नाही. मूळ अंदाजपत्रकातले परिमाण आणि एम.बी.त (मोजमाप वहीत) चढलेले परिमाण बाब-बाब समोरासमोर ठेवा. खोदकाम, मुरूम, गिट्टी, काँक्रीट, गटार. कुठली बाब गळाली ते लगेच दिसते. माझ्या पाहण्यात सगळ्यात आधी बळी जातो तो बाजूच्या गटाराचा, आणि काळ्या मातीत रस्ता टिकतो तो गटारावरच.

घरकुलात हेच वेगळ्या रूपात घडते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट भागासाठी अनुदान १ लाख २० हजार, डोंगराळ-दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. अनुदान ठरलेले असल्यामुळे सरकारी बाजूने खर्चवाढ कधीच नाही. वाढलेला खर्च कुटुंबाच्या डोक्यावर बसतो. बचत गटाचे कर्ज, विकलेली बकऱ्यांची जोडी, गहाण पडलेले डोरले, पोराने पुण्याहून पाठवलेले पैसे. तुमच्या प्रश्नावलीत अभियंत्यापेक्षा घरमालकिणीला विचारा: घराला एकूण किती लागले, त्यात घरचे किती, उसने किती, आणि ते फिटले का? 'घर पाहावे बांधून' म्हणतात ते उगाच नाही. त्या बाईला एकेका पोत्याचा हिशेब तोंडपाठ असतो.

मोठ्या प्रकल्पांत खर्चवाढ उघड दिसते, पण तिथेही नुसता भागाकार करून थांबू नये. गोसेखुर्द धरणाचे उदाहरण विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. १९८३ ची मूळ मंजुरी ३७२ कोटींची, भूमिपूजन १९८८ ला, आणि पुढच्या सुधारित मान्यतांमध्ये आकडा १८ हजार ४९४ कोटींवर गेला. पन्नास पट म्हणून मथळा छान होतो. अभ्यासकाने त्या वाढीच्या फाकी करायच्या असतात: निव्वळ महागाई किती, भूसंपादन आणि पुनर्वसन किती, कामाची व्याप्ती वाढली ती किती, आणि उशीर झाला म्हणून पुन्हा करावे लागलेले काम किती. यातली शेवटची फाक हीच कामगिरीची. पहिली तर कोणीही कितीही नेटाने काम केले असते तरी आलीच असती. मूळ दर स्थिर किमतींवर आणल्याशिवाय दोन सालांची तुलना करू नका.

वेळेकडे येऊ, कारण माझे खरे म्हणणे इथे आहे. दप्तरात विचारलेत तर बहुतेक कामे 'मुदतीत पूर्ण' निघतील. मुदतवाढ मंजूर झाली की नवीन तारीख हीच मुदत ठरते. म्हणून कार्यारंभ आदेशातली पहिली तारीख धरा, मुदतवाढींकडे बघूही नका. दुसरी अडचण 'पूर्ण' या शेऱ्याची. काम प्रत्यक्ष संपले ती तारीख, एम.बी.त शेवटचे माप चढले ती तारीख आणि अंतिम बिल निघाले ती तारीख, या तिन्ही वेगळ्या असतात आणि त्यांच्यात कधी कधी वर्षाचे अंतर असते. तिन्ही टिपा. जलजीवन मिशनच्या कामांत चौथी तारीखही लागेल. टाकी बांधून झाली, पाइप गाडले, पण विहिरीला पाणी नाही किंवा विजेची जोडणी नाही. बांधकाम पूर्ण, नळ कोरडा. नळाला पाणी आले तो दिवस म्हणजे पूर्णत्व.

पण एकूण किती महिने लागले, एवढ्याने काही शिकायला मिळत नाही. टप्प्यांमधले अंतर मोजा. घरकुलात हे सोपे आहे, कारण हप्ते जोता, छत अशा टप्प्यांवर निघतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह पोर्टलवर चढवावा लागतो. मंजुरी, जोता, लिंटल (दार-खिडकीवरची पट्टी), छत, पूर्ण: प्रत्येकाची तारीख मिळते. योजनेची अपेक्षा मंजुरीपासून बारा महिन्यांत घर व्हावे अशी आहे. आता दोन घरे घ्या, दोन्हींना चौदा महिने लागलेले. एकाचे मंजुरी ते जोता नऊ महिने गेले, दुसऱ्याचे जोता महिन्यात झाला आणि छतापाशी दहा महिने अडले. पहिल्यात बहुधा जागेचा वाद, गावठाणातले अतिक्रमण किंवा रेती. दुसऱ्यात बहुधा पैसा, कारण स्लॅब एका दिवसात टाकावा लागतो, लोहा-सिमेंट-सेंट्रिंगचा खर्च एकदम उभा राहतो, आणि हप्ता टप्पा झाल्यावर मिळतो. सरासरी काढली की दोन्ही घरे सारखी दिसतात. इलाज मात्र अगदी वेगळे आहेत.

म्हणून प्रत्येक कामासाठी एक साधा तक्ता करा. काम बंद पडले ती तारीख, पुन्हा सुरू झाले ती तारीख, आणि कारण. कारणे सात-आठांच्या वर जाऊ देऊ नका: रेती, निधी किंवा हप्ता, मजूर, पाऊस, जागा, पाणी, मोजणी-मंजुरी, घरातली अडचण. यातले 'रेती' हे कारण विदर्भात किती वेळा येते ते बघाल. घाटांचे लिलाव झाले नाहीत की वैनगंगा, वर्धा, पैनगंगेच्या काठची गावेसुद्धा रेतीसाठी ताटकळतात. घरकुलाला पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) रेती मोफत द्यायचे धोरण आहे, पण पास हातात पडणे आणि ट्रॅक्टर दारात येणे यातले अंतरही तक्त्यात धरा. शिवाय धोरणच बदलत राहते. २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती द्यायचे ठरले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची पद्धत आली आणि कृत्रिम रेतीवर भर दिला गेला. तुमच्या आलेखावर या दोन तारखा उभ्या रेघेने दाखवा. त्यांच्या अलीकडची आणि पलीकडची कामे एकाच ढिगात घातली तर ठेकेदाराचा दोष कुठला आणि धोरणाचा कुठला ते वेगळे निघणार नाही.

'मजूर' हे कारण महिन्याप्रमाणे वाचावे लागते. भंडारा-गोंदियात जुलैत धानाची रोवणी लागली की कामावर चिटपाखरू फिरकत नाही. आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडे दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी सुरू होते. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता. मेळघाटातले कोरकू मजूर होळीला हमखास गावी परततात. हे दिवस काम बंद राहणारच. वेळापत्रकात ते आधीच धरलेले असतील तर तो उशीर धरायचा नाही. ज्या अभियंत्याने शाळाखोलीचा स्लॅब ऐन वेचणीच्या आठवड्यात लावला, त्याच्या नियोजनाला मात्र तो उणे गुण.

उत्पादकता मोजताना हजेरीपटावर विसंबू नका. घरकुलाला रोजगार हमीतून अकुशल कामाचे ९० मनुष्यदिवस देय ठरवले गेले, त्यामुळे ज्या घराचा हजेरीपट उघडाल तिथे नव्वद किंवा त्याच्या आसपासच दिवस सापडतील. घर भराभर झालेले असो की रखडलेले, दोघांची उत्पादकता सारखी. मिस्त्रीची वही बघा. चांगला मिस्त्री खिशात वही ठेवतो, तीत कोण आले, किती रोजी दिली, उचल किती, सगळे असते. जुडाईचे (विटांच्या बांधकामाचे) माप घ्या, त्या दिवसांनी भागा. एका मिस्त्रीमागे दिवसाला किती घनमीटर जुडाई झाली हा आकडा दोन गावांत तुलना करायला पुरतो. छपाईचे (प्लास्टरचे) तसेच, चौरस मीटरमध्ये. विटांचा प्रकारही लिहा, कारण फ्लायॅशच्या विटेचे माप आणि गावभट्टीच्या विटेचे माप जुळत नाही आणि वेगात फरक पडतो. रेजांची रोजी वेगळ्या रकान्यात टिपा. पुरुष मजुराइतकेच ओझे वाहून त्यांना कमी मिळते, ही बाबही कामगिरीतच मोडते.

गुणवत्तेवर मी जरा रेंगाळणार आहे. सगळे अहवाल चाचणी किती 'पास' यावर थांबतात. क्यूबचे (काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांचे) रजिस्टर मागा आणि आकडे ओळीने वाचा. एम २० (म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या) काँक्रीटची २८ दिवसांची ताकद अशी लिहिलेली सापडेल: २४.८, २५.०, २४.९, २५.१, २५.०. बघायला सुरेख. पण भारतीय मानक ४५६ मध्ये एम २० साठी ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतके प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्याचे माप) गृहीत धरले आहे, म्हणजे बऱ्यापैकी देखरेखीत झालेल्या कामातही आकडे वर-खाली होणारच. गावात मिक्सरमध्ये टोपल्याने गिट्टी पडते, बादलीने पाणी, रेती कधी ओली तर कधी कोरडी, आणि क्यूब मात्र जुळ्या भावंडांसारखे? असे रजिस्टर दिसले की ते काँक्रीट लेखणीतून आले आहे असे समजा. तुम्ही सरासरी काढूच नका, विचलन काढा. दहा-बारा कामांची विचलने शेजारी ठेवली की कुठल्या कामावर चाचणी खरी झाली ते आपोआप उघडे पडते. १५, २३, ३१, १९ असे आकडे असलेले रजिस्टर मला जास्त विश्वासाचे वाटते, जरी त्यातला १५ काळजीचा असला तरी.

काँक्रीटला पाणी किती दिवस मारले, हे कोणीच लिहून ठेवत नाही. मानक साध्या सिमेंटला किमान सात आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सांगते, आणि गावात येते ते बहुतेक फ्लायॅश मिसळलेलेच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गावाला टँकर, आणि स्लॅबला दहा दिवस पाणी. तुम्हीच कल्पना करा. म्हणून स्लॅब कोणत्या महिन्यात टाकला आणि पाणी किती लांबून आणले, हे दोन रकाने ठेवा. उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या स्लॅबांवर रिबाउंड हॅमर (ठोका देऊन काँक्रीटची ताकद अजमावणारी हातोडी) मारून तुलना करता आली तर तुमच्या प्रबंधाचा सर्वांत चांगला तक्ता तोच होईल.

पण टिकाऊपणाचा खरा पुरावा काम सोपवताना मिळत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्याखाली मुरमाची भर नीट नसेल, पाया माती ज्या खोलीपर्यंत हलते त्याच्या आत संपला असेल, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेल्याशिवाय ती नीट दिसत नाही. त्यामुळे नमुन्यात दोन पावसाळे पाहिलेली कामेच घ्या. भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटच्या घोळाने बसवा आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांनी पट्टी तडकलेली दिसली तर भेग चालू आहे. शाबूत असेल तर जुनी, बसलेली. एका काचेच्या तुकड्यात काम होते, यंत्र लागत नाही. रस्त्यांसाठी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची तीन पातळ्यांची तपासणी आणि ठेकेदाराची पाच वर्षांची देखभाल आहे. राज्य आणि राष्ट्रीय निरीक्षकांचे शेरे सार्वजनिक आहेत, ते जरूर घ्या. फक्त तपासणीची तारीख बघा. जानेवारीत 'समाधानकारक' असलेल्या रस्त्याचे ऑगस्टमध्ये काय होते, हा वेगळा प्रश्न. आणि घरकुलांची रेती वाहणारे भरलेले टिप्पर त्याच रस्त्याने जातात, ते पाप सगळेच्या सगळे ठेकेदाराच्या माथी मारू नये.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, त्यामुळे गावातल्या घरावर सेंट्रिंगवरून पडलेला, किंवा उभी सळाख वरच्या वीजतारेला लागून भाजलेला मजूर कुठल्याच अपघात-नोंदीत येत नाही. अपघात शून्य लिहिलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवू नका. मजुरांना एवढेच विचारा: गेल्या वर्षभरात कामावर लागल्यामुळे किती दिवस रोजी बुडाली, आणि दवाखान्याचे पैसे कोणी दिले? हेल्मेट होते का, हे विचारण्यात अर्थ नाही.

एक निर्देशक परदेशी यादीत सहसा तळाला असतो, तो तुम्ही वर घ्या: माप चढल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस. महाराष्ट्रात थकीत देयकांसाठी कंत्राटदारांनी आंदोलने केली, हे वर्तमानपत्रांत आले आहे. बिल सहा-आठ महिने अडले की लहान ठेकेदार व्याजाने पैसे उचलतो, पुढच्या कामात ते वसूल करतो, मिस्त्रीची उचल थांबते, मिस्त्री दुसरीकडे जातो. तुमच्या तक्त्यात 'मजूर' म्हणून लिहिलेले कारण खणत गेलात तर तळाशी पुष्कळदा 'निधी' निघेल. जोडीला आणखी एक काढा: वर्षभरातल्या एकूण बिलांपैकी मार्च महिन्यात किती टक्के निघाली. बारावा हिस्सा निघायला हवा. प्रत्यक्षात काय निघते ते लेखा शाखेत बसून मोजा, मी आधी सांगून मजा घालवत नाही.

राहिली मार्गदर्शकांची प्रश्नावली. शंभर अभियंत्यांना एक ते पाच गुण द्यायला लावायचे, सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक काढायचा आणि 'निधीची कमतरता' पहिल्या क्रमांकावर आली असे लिहायचे. असे प्रबंध मी इतके वाचले आहेत की निष्कर्षाचे पान न उघडताही सांगू शकतो. त्यात अभियंत्यांचे मत मोजले जाते, कामाची कामगिरी नाही. मार्गदर्शकांशी वाद घालू नका, प्रश्नावली करा, पण ती शेवटच्या प्रकरणात ठेवा आणि आधीच्या तक्त्याशी भिडवा. अभियंते उशिराचे कारण म्हणून मजुरांना बोट दाखवतात आणि थांबलेल्या दिवसांत मजुरांचा वाटा लहान निघतो, असे काही सापडले तर तो निष्कर्ष छापण्याजोगा. सगळे मिसळून शंभरपैकी अमुक गुण असा एकच आकडा देणारा एकत्रित निर्देशांक मात्र टाळा. खर्चात चांगला आणि टिकाऊपणात वाईट असलेला तालुका सरासरीत 'मध्यम' होऊन बसतो, आणि कुठल्या अधिकाऱ्याने काय करायचे ते कळत नाही.

नमुना मोठा नको. दोन तालुके घ्या, एक काळ्या मातीचा सपाट आणि एक डोंगराळ, म्हणजे दिग्रस आणि झरी-जामणी असे काहीतरी. मिळून साठ-सत्तर कामे पुरतात: निम्मी घरकुले, उरलेल्यांत रस्ते आणि शाळा-अंगणवाडीच्या खोल्या, आणि काही झाले तरी दहा-पंधरा खासगी घरे, ज्यांचा सरकारशी संबंध नाही. ती मिस्त्रीच्या ओळखीने मिळतील. एम.बी.च्या प्रती सरळ मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात मागा, पण आधी कनिष्ठ अभियंत्याकडे बसून चहा घ्या. कामाचा खरा इतिहास त्याला माहीत असतो, आणि माहिती अधिकाराचा अर्ज आधी पडला की तो तोंड उघडत नाही. गावांत शेतीची कामे उरकल्यावर, माघ-फाल्गुनात फिरा. आणि पंचायत समितीत मार्च महिन्यात पाऊलही टाकू नका, तिथे तेव्हा कोणाला मान वर करायला फुरसत नसते.